डोक्यात तारा घालायच्या म्हणजे घाबरायचं किती?

औषधांनी फिट्स थांबत नाहीत तेव्हा डॉक्टर कधीकधी थेट मेंदूत इलेक्ट्रोड बसवायचं सुचवतात. ऐकूनच पोटात गोळा येतो. पण धोका नेमका किती, कशाचा आणि कशाच्या तुलनेत? १७ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय अपस्मार दिनाच्या निमित्तानं एका मैत्रिणीसाठी शोधलेली ही उत्तरं, तुमच्यासाठीही.

अकरावीतली गोष्ट. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल चालू होतं. बाजूच्या टेबलावरची माझी मैत्रीण बोलता बोलता थांबली. एकीकडे टक लावून बघत राहिली, काहीतरी चघळल्यासारखे ओठ हलवले आणि धाडकन खाली पडली. अंग ताठ, मग झटके. सगळा वर्ग गोळा झाला. कुणीतरी ओरडलं, "चप्पल द्या, चप्पल!" ती चप्पल माझी होती. मीच ती तिच्या नाकाशी धरली. दीड-दोन मिनिटांत झटके थांबले आणि मला वाटलं, आपण मैत्रिणीला वाचवलं.

खोटं कशाला सांगू, पुढची दोन-तीन वर्षं मी हा किस्सा कॉलर ताठ करून सांगायचे. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, त्यात चपलेचा काडीचाही वाटा नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

ती मैत्रीण आज बावीस वर्षांची आहे. घर अलिबाग तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिसरं औषध चालू आहे आणि महिन्यातून तीन-चार वेळा फिट येतेच. गेल्या खेपेला मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, "ऑपरेशनचा विचार करता येईल, पण फिट कुठून सुरू होते ते एमआरआयमध्ये नीट दिसत नाहीये. त्यासाठी आधी मेंदूत इलेक्ट्रोड बसवून बघावं लागेल." घरी आल्यावर आईचा एकच प्रश्न, "डोक्यात वायरी घालणार म्हणजे नक्की काय करणार?" बाबा काहीच बोलले नाहीत. त्या रात्री तिचा मला फोन आला. "तू पत्रकारिता शिकतेस ना? मग मला घाबरवू नकोस आणि धीरही देऊ नकोस. खरं काय ते शोधून सांग."

म्हणून हा लेख.

आधी थोडं बेसिक

फेफरं, मिरगी, आकडी, अपस्मार, एपिलेप्सी. नावं वेगवेगळी, आजार एकच. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांतून बोलतात. कधीतरी त्यातल्या एखाद्या गटाचे संदेश अचानक, एकदम आणि बेशिस्तपणे सुटतात. ती फिट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना एपिलेप्सी आहे. भारतातला आकडा साधारण १ कोटीच्या घरात धरला जातो. म्हणजे तुमच्या कॉलेजात कुणाला तरी हा आजार आहे. फक्त तो किंवा ती सांगत नाही.

चांगली बातमी अशी की दर तीनपैकी दोघांच्या फिट्स गोळ्यांनी आटोक्यात येतात. उरलेल्या तिसऱ्याचं काय? योग्य निवडलेली, पुरेशा डोसमध्ये नीट घेतलेली दोन औषधं लागू पडली नाहीत, तर डॉक्टर त्याला 'औषधांना न जुमानणारी' एपिलेप्सी म्हणतात. दोन औषधं हरल्यावर तिसरं किंवा चौथं जिंकण्याची शक्यता बरीच कमी होते. त्यामुळे 'अजून एक गोळी बघू' करत वर्षं घालवण्याऐवजी एपिलेप्सीच्या मोठ्या केंद्रात तपासणी करून घ्यायची, असं आता जगभर सांगितलं जातं. मुंबईत परळच्या केईएममध्ये एपिलेप्सी सर्जरी होते. दिल्लीचं एम्स आणि तिरुवनंतपुरमचं श्रीचित्रा ही देशातली याच कामासाठी ओळखली जाणारी केंद्रं.

आणि हे काही काल-परवा सुरू झालेलं नाही. आपल्या देशात एपिलेप्सीची पहिली शस्त्रक्रिया १९५२ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी केली.

फिट सुरू कुठून होते?

ऑपरेशनमध्ये करायचं काय, तर फिट जिथून उगम पावते तेवढाच भाग काढायचा किंवा तोडून वेगळा करायचा. वाक्य सोपं आहे, काम नाही. बोलणं, आठवण, नजर, हात-पाय यांची जागा शेजारीच असते.

चुकीच्या जागी हात घातला तर काय होतं, याचं मेंदूविज्ञानातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे हेन्री मोलेसन. १९५३ मध्ये अमेरिकेत फिट्स थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. त्या वेळी तो २७ वर्षांचा होता. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण साठवणंच बंद झालं. २००८ मध्ये मरेपर्यंत रोज भेटणारी माणसंही त्याला नवीन वाटायची. आठवणींमध्ये हिप्पोकॅम्पसचं काम काय, हे जगाला त्याच्यामुळे कळलं. किंमत त्यानं मोजली.

म्हणून आज आधी जागा शोधतात. व्हिडिओ ईईजी, एपिलेप्सीसाठी खास पद्धतीनं केलेला एमआरआय, गरज पडली तर पेट स्कॅन, स्मरणशक्तीच्या चाचण्या. हे सगळं एकाच जागेकडे बोट दाखवत असेल तर मेंदूत इलेक्ट्रोड घालायची गरजच पडत नाही. बऱ्याच पेशंटचं ऑपरेशन असंच होतं. अडतं ते माझ्या मैत्रिणीसारख्यांचं. एमआरआय म्हणतो काही दिसत नाही, ईईजी म्हणतो डावीकडे कुठेतरी. डोक्याच्या कातडीवरून घेतलेला ईईजी म्हणजे बंद दाराबाहेर उभं राहून आतलं भांडण ऐकणं. आवाज येतो, पण पहिला शब्द कोण बोललं ते कळत नाही. ते ऐकायचं तर आत जावं लागतं.

तारा म्हणजे नक्की काय?

मुख्य प्रकार दोन.

पहिला, सबड्युरल ग्रिड. कवटीचा तुकडा तात्पुरता उघडून, मेंदूवरच्या जाड आवरणाखाली सिलिकॉनची पातळ पट्टी ठेवतात. तिच्यावर धातूच्या छोट्या चकत्या असतात. मेंदूच्या पृष्ठभागावर काय चाललंय ते या चकत्या टिपतात.

दुसरा, एसईईजी. १९५०च्या दशकात पॅरिसमध्ये जाँ तालेराक आणि जाँ बँको या दोघांनी ही पद्धत उभी केली. यात कवटी उघडत नाहीत. ड्रिलनं काही मिलिमीटरची भोकं पाडून त्यातून एक मिलिमीटरपेक्षाही बारीक इलेक्ट्रोड मेंदूत खोलवर सोडतात. साधारण ८ ते १५. कुठली तार कुठून जाणार, कुठल्या रक्तवाहिनीला किती अंतरावर ठेवणार, हे आधी कॉम्प्युटरवर आखलेलं असतं. दिल्लीच्या एम्ससारख्या ठिकाणी तार नेमक्या कोनात नेण्यासाठी रोबोटची मदत घेतात. रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. तो दिशा धरून ठेवतो, तार सर्जनच घालतो.

"दुखेल का गं?" हा तिचा पहिला प्रश्न होता. तारा पूर्ण भूल देऊन घालतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते कातडी, हाड आणि आवरण. नंतर काही दिवस डोकेदुखी असते, ग्रिडमध्ये जास्त. मग साधारण आठवडा-दोन आठवडे कॅमेऱ्याखाली राहायचं. औषधं हळूहळू कमी करतात आणि सगळे मिळून फिट यायची वाट बघतात. एरवी जिला घाबरून जगलो, तिचीच वाट! मधल्या वेळात तारांतून अगदी थोडा करंट देऊन चित्रं ओळखायला लावतात, मोजायला लावतात. एखाद्या ठिकाणी शब्द अडकला, तर ती जागा बोलण्याची, तिथं हात लावायचा नाही. पुरेशा फिट्स टिपल्या की तारा काढून घरी पाठवतात. खरं ऑपरेशन बहुतेक वेळा नंतर, वेगळं होतं.

आणखी एक. 'मेंदूत इलेक्ट्रोड' म्हटलं की आपल्याला इलॉन मस्कची न्यूरालिंक आठवते. हे ते नाही. एसईईजीच्या तारा काही दिवसांच्या पाहुण्या असतात. त्या तपासणीसाठी आहेत. त्यांनी फिट बरी होत नाही.

आता आकडे

मेंदूत सुई गेली की सगळ्यात मोठी भीती रक्तस्रावाची. दुसरी जंतुसंसर्गाची.

एसईईजीबद्दल २०१६ मध्ये 'एपिलेप्सिया' या जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला. त्यात ५७ अभ्यास आणि २,६२४ पेशंट एकत्र धरले होते. रक्तस्रावाचं प्रमाण साधारण १ टक्का, जंतुसंसर्गाचं ०.८ टक्के. पाच मृत्यूंची नोंदही त्यात आहे. तिनं धीर देऊ नको सांगितलं होतं, म्हणून हेही लिहितेय.

ग्रिडचा आढावा त्याच जर्नलमध्ये २०१३ मध्ये आला होता. २१ अभ्यास, २,५४२ पेशंट. रक्तस्राव ४ टक्के, मेंदूपर्यंतचा संसर्ग २.३ टक्के, वरवरचा संसर्ग ३ टक्के, कवटीच्या आतला दाब वाढणं २.४ टक्के. चकत्यांची संख्या वाढली, विशेषतः ६७ किंवा त्याहून जास्त झाली, की त्रासही वाढत होता. ग्रिड मोठी वस्तू आहे, कवटी उघडावी लागते, त्यामुळे हा फरक समजण्यासारखा आहे. पण 'मग सगळ्यांना एसईईजीच करा' असंही नाही. फिटची जागा पृष्ठभागावर, भाषेच्या भागाला खेटून असेल, तर काही वेळा ग्रिडमधून जास्त चांगला नकाशा मिळतो.

इथे एक गंमत लक्षात ठेवा, कारण इंटरनेटवर शोधलंत तर तुम्ही गोंधळणार. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं आपल्या ५४९ एसईईजी केसेस तपासल्या. स्कॅनमध्ये बारीकसारीक रक्तस्राव धरला तर तो सुमारे १९ टक्के केसेसमध्ये सापडला! पण त्यातल्या बहुतेकांना काहीच जाणवलं नव्हतं. लक्षणं दिसली ती साधारण २ टक्के केसेसमध्ये, आणि कायमचं नुकसान किंवा मृत्यू १ टक्क्याहून कमी. मग १ टक्का खरा की १९? दोन्ही. प्रश्न वेगळे आहेत. एक विचारतो, 'स्कॅनवर काही दिसलं का?' दुसरा विचारतो, 'माणसाला काही झालं का?' त्यामुळे कुठलाही आकडा वाचलात की आधी बघा, तो नेमका काय मोजतोय.

काही धोके या आकड्यांत येतच नाहीत. औषधं कमी केल्यावर एकामागून एक फिट्स येऊ शकतात, म्हणून तिथं रात्रंदिवस स्टाफ लागतो. झटक्यात तार ओढली जाऊ शकते. आणि सगळ्यात मनाला लागणारा धोका म्हणजे एवढं सगळं करून उत्तरच न मिळणं. जाळं जिथं टाकलं तिथलाच मासा कळतो. फिटचा उगम दोन तारांच्या मधल्या, न तपासलेल्या जागेत असेल, किंवा दोन-तीन ठिकाणी असेल, तर 'ऑपरेशन करता येणार नाही' हेही उत्तर येऊ शकतं. ते ऐकायची तयारी ठेवूनच आत जायचं.

काहीच न करण्याचाही धोका असतो

इथपर्यंत मी तिला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे नको करूया." मी म्हटलं, थांब, पान उलटून दुसरी बाजू बघ.

एपिलेप्सी असलेल्या प्रौढांपैकी दर हजारी साधारण एकाचा वर्षाला अचानक, दुसरं काही कारण न सापडता मृत्यू होतो. बऱ्याचदा झोपेत. डॉक्टर त्याला सुडेप म्हणतात. हा सरासरी आकडा आहे. ज्यांना पूर्ण झटक्याच्या फिट्स वारंवार येतात, त्यांचा धोका याहून बराच जास्त. आणि ऑपरेशनचा धोका एकदाच घ्यायचा असतो, हा दरवर्षी नव्यानं.

आपल्या किनाऱ्यावर तर पाण्याचंही आहे. एपिलेप्सी असलेल्यांना बुडून मृत्यू येण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे १९ पट आढळलं, असं २००८ मधला एक आढावा सांगतो. मैत्रिणीची आई तिला कालवं काढायला खडकांवर नेत नाही, विहिरीवर एकटीला पाठवत नाही, तिच्या घरी बाथरूमला आतून कडी नाही. आपण कॉलेजातून बीचवर जायचो तेव्हा ती वाळूतच बसायची. आम्हाला वाटायचं, हिला पाणी आवडत नाही.

मग रोजचं जगणं. लायसन्सच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न एपिलेप्सीचा असतो, त्यामुळे स्कूटी नाही. लग्नाचं तर विचारूच नका. हिंदू विवाह कायद्यात १९९९ पर्यंत एपिलेप्सीचा उल्लेख वेडाच्या शेजारी होता. दुरुस्ती करून तो काढला. कायद्यातून गेला, लोकांच्या डोक्यातून अजून जायचाय.

आणि उलट बाजूला काय मिळू शकतं? २०१७ मध्ये दिल्लीच्या एम्सनं 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये एक अभ्यास छापला. औषधं लागू न पडलेली ११६ मुलं. निम्म्यांच्या आसपास मुलांचं ऑपरेशन झालं, बाकीच्यांची औषधं चालू राहिली. वर्षानंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं फिटमुक्त होती, औषधवाल्यांपैकी ७ टक्के. त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्या ३३ टक्के मुलांना गंभीर त्रासही झाला, जसं की शरीराची एक बाजू अशक्त होणं. त्यातले बरेच त्रास मेंदूचा कुठला भाग काढणार यावरून आधीच अपेक्षित होते. दोन्ही आकडे सोबतच वाचायचे. एक वाचून दुसरा झाकायचा नाही.

आपल्या महाराष्ट्रातलं नाव सांगायचं तर पुण्याच्या यशोदा वाकणकर. लहानपणापासून एपिलेप्सी, मग मेंदूचं ऑपरेशन, आणि फिट्स थांबल्यावर त्यांनी 'संवेदना फाउंडेशन' हा एपिलेप्सी असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा आधारगट सुरू केला. त्यांनी एपिलेप्सी असलेल्यांसाठी लग्नाचे मेळावेही भरवले. ऑपरेशनचा निर्णय तुमचाच असतो, पण त्या वाटेनं आधी गेलेल्या माणसाशी बोलून घेतलं की पाय जरा घट्ट रोवले जातात.

वहीत लिहून न्यायचे प्रश्न

मैत्रिणीनं आणि मी मिळून ही यादी केली. डॉक्टरांसमोर बसलं की अर्धं विसरायला होतं, म्हणून लिहूनच न्या.

- तारा न घालता जागा शोधायचे सगळे मार्ग संपले का?
- ग्रिड की एसईईजी? माझ्या बाबतीत तेच का?
- तुमच्या हॉस्पिटलमध्ये वर्षाला असे किती पेशंट होतात? त्यांच्यापैकी कितींना रक्तस्राव किंवा संसर्ग झाला?
- उत्तर सापडायची शक्यता किती? नाही सापडलं तर पुढे काय?
- सापडलं, तर ऑपरेशननंतर माझ्या बोलण्यावर, आठवणीवर, नजरेवर काय परिणाम होऊ शकतो?
- नंतर एमआरआय करता येईल का? रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर काय?
- एकूण खर्च किती? सरकारी योजनेत बसतं का? (सरकारी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला हे आधीच विचारा.)

आणि आपल्याकडच्या लोकांसाठी खास: तारा काढून घरी आलो आणि त्रास झाला तर? मांडव्याहून लाँच किंवा रोरोनं मुंबई तासाभरावर आहे, पण रात्री अकरा वाजता नाही. पावसाळ्यात लाँच बंदच असतात. त्यामुळे घरी सोडताना स्पष्ट विचारून घ्या: ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, हात-पाय लुळा पडणं, यातलं काही झालं तर फोन कुणाला करायचा आणि आधी जवळच्या कुठल्या हॉस्पिटलला जायचं. नंबर फोनमध्ये ठेवाच, भिंतीवरही लिहा.

मैत्रिणीची तारीख दिवाळीनंतरची आहे. तारा घालायच्या की नाही हे अजून ठरलेलं नाही. त्या दिवशी सगळे डॉक्टर तिच्या तपासण्या एकत्र बसून बघणार आणि मग तिच्याशी बोलणार. ती, आई आणि मी, तिघी जाणार आहोत. बाबा बोटीवर असतील. यादी मात्र त्यांनी वाचली आणि शेवटी स्वतःच्या अक्षरात एक प्रश्न वाढवला: 'बरी झाल्यावर पोहू शकेल का?'

तोपर्यंत तुमच्यासाठी एवढंच

समोर कुणाला फिट आली तर:

- घड्याळ बघा. किती वेळ चाललीय ते महत्त्वाचं.
- आजूबाजूच्या टोकदार वस्तू हटवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. चष्मा काढा, गळ्याजवळचं सैल करा.
- हात-पाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका.
- झटके थांबले की एका कुशीवर वळवा आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत सोबत थांबा.
- पाच मिनिटांहून जास्त चालली, शुद्ध न येता दुसरी आली, पाण्यात आली, लागलं किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली, तर लगेच १०८.

कांदा नको, लोखंड नको. आणि चप्पल पायातच राहू द्या.